तळघरात मुसळधार पाऊस

आमचं तळेघर पोखरीचा घाट चढून वर आल्यावर लागतं. मंचरहून भीमाशंकरला निघालेली गाडी डिंभ्याच्या पुढे जी कण्हायला लागते, ती आमच्या गावाशी आल्यावर गप्प होते. एवढ्या उंचावर वसलेल्या गावाला यच्चयावत संगणकजात 'तळघर' म्हणते. फोनवर 'तळेघर' लिहावं, तर तो मधली मात्रा खाऊन टाकतो आणि शुद्धलेखन सुधारल्याचा आव आणतो. उभ्या नोकरीत मी पोरांच्या वह्यांवर लाल शाईने जे काही केलं, त्याची ही परतफेड असणार असं समजून मी सोसत होतो.

पण गेल्या पावसाळ्यात मी फोनला तोंडी सांगितलं, 'तळेघरात मुसळधार पाऊस, भातलावणी खोळंबली.' ठाण्याच्या व्याह्यांना पोचलं ते 'तळघरात मुसळधार पाऊस, भातलावणी खोळंबली.' लगेच फोन आला.

"गुरुजी, तळघर बांधलंत आणि आम्हाला कळवलंतही नाही?"

"अहो, तळघर नाही, तळेघर."

"तेच म्हणतोय मी. पण तळघरात भात लावायचं कोणी सुचवलं तुम्हाला?"

मागून विहीणबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "वास्तुशांतीलासुद्धा बोलावलं नाही." ते प्रकरण अजून धुमसतंय.

जे फोन जरा जास्त शिकलेले असतात ते तळघर करत नाहीत, तळेगाव करतात. मग दाभाडे का ढमढेरे, एवढंच विचारतात.

अशात भाच्याचा फोन आला. भाचा हिंजवडीला कामाला आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे आमच्या अख्ख्या खानदानात, त्याच्यासकट, कोणाला सांगता आलेलं नाही. या वेळी मात्र त्याने सांगितलं.

"मामा, आम्ही संगणकाला वाचायला बसवलंय."

"काय वाचतो?"

"इंटरनेटवर मराठीत जे असेल ते. रात्रंदिवस."

"आणि वाचून?"

"माहिती टिपतो. अमुक गाव तमुक तालुक्यात आहे, अमुक फळ तमुक रोगावर चालतं, अशी एकेक."

"बरोबर टिपतो का?"

"तेच तपासायला माणूस पाहिजे, मामा. तुमच्या भागाचं तुम्ही बघा."

मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्त मास्तराला तपासायला काहीतरी लागतं. मी लग्नपत्रिका तपासतो, दुकानांच्या पाट्या तपासतो, आणि एकदा तर दशक्रियेच्या फलकावरचा ऱ्हस्व-दीर्घ शोकाकुल मंडळींच्या लक्षात आणून दिला होता. शिवाय या कामात माझं पद 'मानवी परीक्षक' असं होतं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मानवी आहात हे कळवलंत ना त्यांना? नाहीतर नंतर घोटाळा नको."

भाच्याने आधी मला या विद्येचा इतिहास ऐकवला. 1984 साली अमेरिकेत डग्लस लेनाट नावाच्या गृहस्थांनी 'साइक' नावाचं काम हाती घेतलं. जगातलं साधं व्यवहारज्ञान माणसांनी बसून संगणकात एकेक वाक्य भरायचं. पावसात उभं राहिलं की माणूस भिजतो. मेलेला माणूस पुन्हा बाजाराला जात नाही. असली वाक्यं लाखांनी भरली. हे भरावं लागतं, कारण जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी कुठे लिहून ठेवत नाही. तळेघरला पाऊस पडतो हे तळेघरात कोण कोणाला लिहून कळवणार? (मी एकदा कळवलं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.)

पुढे लोकांनी विचार केला की एवढं भरत कोण बसणार, त्यालाच वाचू दे. 2010च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या मंडळींनी 'नेल' नावाचं यंत्र इंटरनेटसमोर बसवलं. अर्थ असा की कधीच न संपणारं शिक्षण. आमच्या शाळेत एकाच इयत्तेत मुक्काम ठोकणाऱ्या काही पोरांचं हेच चाललं होतं, पण त्यांना कोणी निधी दिला नाही. नेल रात्रंदिवस वाचत राहिलं. ऑक्टोबरपर्यंत त्याच्या खात्यावर जवळजवळ 3,90,000 गोष्टी जमा झाल्या आणि त्यांतल्या सुमारे 87 टक्के बरोबर निघाल्या. 87 टक्के म्हणजे आमच्याकडे पेढे वाटतात.

उरलेल्या 13 टक्क्यांत मजा होती. कुकी म्हणजे बिस्किटाची जात, हे नेलने पाठ केलेलं. पुढे त्याच्या वाचनात 'इंटरनेट कुकीज' आल्या. म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकात जी बारीक चिठ्ठी सोडून जातात ती. नेलने त्याही बेकरीच्या मालात टाकल्या. मग वाचलं, की लोक कुकीज डिलीट करतात. नंतर वाचलं, की लोक फायलीही डिलीट करतात. ज्याअर्थी दोन्ही डिलीट होतात, त्याअर्थी फायलीही भट्टीतूनच निघत असणार! बघता बघता सगळी कचेरी बेकरीत जमा झाली.

भाच्याला वाटलं मी हसेन. मी म्हटलं, "अरे, ही तर्कपद्धती आमच्या टपरीवर रोज चालते. आमदाराची गाडी पांढरी, सरपंचाने परवा घेतली ती पांढरी, म्हणून पुढचा आमदार कोण ते ठरलेलं आहे."

टपरीचा उल्लेख आला तो उगीच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे फोनची रेंज टपरीमागच्या पाण्याच्या पिंपाला पाठ लावून उभं राहिलं तरच धड येते. त्यामुळे माझी परीक्षकाची कचेरी तिथेच थाटावी लागली. भाचा एकेक वाक्य पाठवायचा. वाक्यापुढे यंत्राला त्याची किती टक्के खात्री आहे तो आकडा, आणि खाली तीन बटणं: बरोबर, चूक, सांगता येत नाही. गोपनीयतेची अट होती. पण मी वाक्य मोठ्याने वाचतो ही मास्तरकीची सवय, आणि दुसऱ्याचं वाक्य कान देऊन ऐकणं ही टपरीची.

पहिलंच वाक्य आलं: 'आंबेगाव येथे दोन बीएचके सदनिका, क्लब हाउस व पोहण्याचा तलाव उपलब्ध असून कात्रज जवळ आहे. खात्री 91 टक्के.'

यंत्राचा तसा दोष नव्हता. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठा बाजार मंचरला, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. त्यात पुणे शहराच्या दक्षिण टोकाला दुसरं आंबेगाव, तिथे इमारती उगवतात आणि जाहिराती त्यांच्याही आधी उगवतात. पाण्याखालच्या गावाची जाहिरात कोण करणार? यंत्राने जे वाचलं ते लिहिलं.

बाकावर एक आबा बसले होते. धरण झालं तेव्हा पाण्यातून उठून वर आलेलं त्यांचं घराणं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तलाव हाय म्हनावं. खरंय ते. आमचं घर त्याच्या तळालाच हाय."

"आणि दोन बीएचके?"

"न्हाय. तीन खणाचं होतं. माजघर येगळं."

मी भाच्याला विचारलं, 'अर्धं बरोबर' असं बटण आहे का. नव्हतं.

मग जुन्नरकडची वाक्यं सुरू झाली. 'शिवनेरी हा किल्ला वातानुकूलित आहे. तो ठरावीक वेळाने दादरहून पुण्यास सुटतो. खात्री 78 टक्के.' एसटीच्या शिवनेरी बसबद्दल इंटरनेटवर जितका मजकूर आहे तितका किल्ल्याच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल असता, तर ही पाळी आली नसती. टपरीवाल्याला मात्र यात काही वावगं दिसलं नाही. "आसन पंचवीस आहे का पन्नास तेवढं विचारा," तो म्हणाला.

सर्वांत भरघोस वाक्यं आमच्या आहारावर होती. 'तळेघर व भीमाशंकर परिसरातील लोकांचे मुख्य अन्न मॅगी असून जोडीला कांदाभजी खाल्ली जाते. खात्री 84 टक्के.' टपरीवर शांतता पसरली. मग हळूहळू उलगडा झाला. तळेघरबद्दल इंटरनेटवर लिहितो कोण? शनिवारी पावसात गाडी काढून आलेला पुण्या-मुंबईचा माणूस. तो येतो, धुकं बघतो, मॅगी खातो, भजी खातो, धबधब्याखाली चष्मा हरवतो आणि घरी जाऊन दोन पानं लिहितो. इथला माणूस भात किंवा नाचणीची भाकरी खाऊन उठतो, हात धुतो आणि गुडघाभर चिखलात लावणीला जातो. तो ताटाचा फोटो काढत नाही. मग यंत्राने शिकायचं कोणाकडून? त्याच मंडळींच्या कृपेने पुढचं वाक्य होतं: 'तळेघर हे निसर्गाच्या कुशीत आहे. खात्री 99 टक्के.' इतकी खात्री त्याला दुसऱ्या कशाचीच नव्हती.

"कुनाच्या कुशीत?" आबांनी विचारलं.

"निसर्गाच्या."

"मंग जरा कूस बदल म्हनावं त्याला. आठ दिस ऊन न्हाय."

हिरड्याचं प्रकरण तर घराघरांत गेलं. आमच्या डोंगरपट्ट्याचा पैसा म्हणजे भात आणि हिरडा. पाडव्याच्या आगेमागे बायाबापडे झाडाखालून बाळहिरडा वेचतात, अंगणात वाळत घालतात, आणि तो काळा ठिक्कर पडून खडखड वाजायला लागला की व्यापाऱ्याकडे घालतात. यंत्राने हिरड्यावर पुष्कळ वाचलं होतं. आयुर्वेदातल्या सातही जाती त्याला तोंडपाठ होत्या: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी. मास्तर म्हणून माझी मान डोलली. पण किलोला काय भाव मिळतो, आणि 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने झाडं झोडपल्यावर इथल्या माणसाने पुढचा हंगाम कसा काढला, याबद्दल अवाक्षर नव्हतं. उलट त्याने दातांच्या दवाखान्यांचा मजकूरही याच खात्यावर जमा केला होता. 'हिरड्यांना सूज येते. हिरड्यांतून रक्त येते. हिरड्यांची निगा राखण्यासाठी मऊ ब्रश दिवसातून दोन वेळा फिरवावा. खात्री 88 टक्के.'

हे वाक्य टपरीवरून माझ्या आधी घरी पोचलं. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

"गुरुजी, हिरड्याला बरूश करायचा निघालाय म्हणं?"

"नाही हो काकू, ते यंत्राने..."

"करू की. दोन वेळा काय, तीन वेळा करू. पण बरूश कोण देनार, सरकार का? आन् भाव वाढवून देनार का त्याचा?"

दोन दिवसांत गावात पक्कं झालं की ब्रश केलेल्या मालाला वेगळा भाव आहे. मी खुलासा करत फिरलो, तर लोक म्हणायला लागले, गुरुजींना माहीत आहे पण सांगत नाहीत, त्यांचा भाचा हिंजवडीला आहे.

भाच्याकडे तक्रार केली, तर त्याने आणखी थोरामोठ्यांचे दाखले दिले. 2024च्या मे महिन्यात गूगलच्या यंत्राने, पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये थोडा गोंद घालावा, असा सल्ला लोकांना दिला. माणसाने दिवसाला निदान एक लहान दगड खावा, असंही सांगितलं. गोंदाची गोष्ट कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी चेष्टेत लिहिलेली, आणि दगडाची 'द अनियन' या थट्टेखोर वृत्तपत्रातली. यंत्राला चेष्टा कळत नाही, छापलेलं ते खरं. दगडाचं मी आमच्या घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आपल्याकडे तांदळातच येतो. वेगळा खायची गरज नाही."

भीमाशंकरच्या वाक्याला मात्र यंत्राच्या तोंडाला फेस आला. 2023च्या फेब्रुवारीत आसाम सरकारने जाहिरात दिली होती, की सहावं ज्योतिर्लिंग त्यांच्याकडे कामरूपात आहे. त्यावर आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी जी काही आगपाखड केली, ती सगळी इंटरनेटवर जपून ठेवलेली आहे. भांडण जितकं मोठं तितका मजकूर जास्त, आणि मजकूर जितका जास्त तितकी यंत्राची खात्री जास्त. त्याने दोन्ही बाजूंचं मनापासून वाचलं, कोणालाच दुखवलं नाही, आणि मधला मार्ग काढला: 'भीमाशंकर हे महाराष्ट्र व आसाम यांच्या सीमेवर आहे. खात्री 63 टक्के.'

त्या वेळी वरून आलेली गाडी फाट्यावर उभी होती. कंडक्टरने ते ऐकलं आणि आत तोंड घालून विचारलं, "आसामवाले कोणी राहिलेत का? निगडाळ्याला उतरायला हवं होतं, डावीकडे वळून."

लोकसंख्येच्या वाक्याने वेगळीच भानगड केली. इंटरनेटवर गावोगावची माणसं अजून 2011 सालातच राहतात. ती शेवटची जनगणना; 2021ची झाली नाही. यंत्राला वाटतं, त्या वर्षापासून तळेघरात कोणी जन्मलं नाही आणि कोणी मेलंही नाही. टपरीवाल्याचा पोरगा कपबश्या विसळत होता. जन्म 2014चा. मी त्याला समजावून सांगितलं, की संगणकाच्या हिशेबी तू अजून नाहीस. त्याचा चेहरा उजळला.

"मग गुरुजी, उद्या शाळेला नाही गेलो तर चालंल?"

पण खरी फाटाफूट केली ती एका साध्या वाक्याने. 'तळेघर परिसरात मुबलक पाणी आहे. खात्री 96 टक्के.' मी 'बरोबर' दाबणार, तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाने हात धरला.

"कोणता महिना धरायचा, गुरुजी?"

बाहेर तेव्हा टपरीचं छप्पर फुटेल असा पाऊस कोसळत होता, तरी एकाही माणसाला 'बरोबर' म्हणवेना. जुलैत इथे पाणी कुठे ठेवायचं हा प्रश्न, आणि एप्रिलात हंडा घेऊन कुठे जायचं हा. धरण डोळ्यांसमोर, पण पाणी कालव्याने खाली उसाला जातं. वर चढून येण्याची त्याला सवय नाही. मी भाच्याला फोन लावला.

"महिन्याचं बटण आहे का?"

"मामा, खरं ते खरं असतं. त्याला महिना नसतो."

"तू एप्रिलात ये. हंडा मी देतो."

भाचा वैतागला. तुम्ही प्रत्येक वाक्याला वाद काढता, एवढ्या वेळात दुसऱ्या परीक्षकाने अख्खा तालुका संपवला, असं म्हणाला. बोलता बोलता हेही म्हणाला, की पुण्यात याहून किचकट काम लोकांनी मुकाट्याने केलंय. 'एल-थ्री-क्यूब' नावाची मंडळी आहेत, त्यांनी 2022 साली 'महानेर' या नावाने 25,000 मराठी वाक्यांवर हाताने खुणा केल्या: हा शब्द व्यक्ती, हा ठिकाण, ही संस्था, हे माप, हे पद. त्याच्या आदल्या वर्षी साधारण 16,000 मराठी ट्विटं वाचून प्रत्येक चांगलं, वाईट का मधलं ते ठरवलं. मला त्या लोकांबद्दल अपार आदर वाटला. एवढी ट्विटं म्हणजे निम्मं वाढदिवसाचं अभीष्टचिंतन आणि निम्मी भावपूर्ण श्रद्धांजली. ती ओळीने वाचल्यावर माणसाला जेवण कसं जात असेल?

तरी खुणांबाबत मला शंका होतीच. "पाटील आले," या वाक्यात पाटील व्यक्ती, का पद? आमच्याकडे पाटील हे आडनाव असतं, पोलीस पाटील हे पद असतं, आणि उधारी मागायची असली की समोरचा कोणीही पाटील असतो. टपरीवर विचारून बघितलं, तर सरपंचांचं खरं नाव चटकन कोणालाच आठवेना. "सरपंच" हेच नाव. आधीच्यांचं नाव "माजी सरपंच", त्याच्या आधीच्यांचं "जुने सरपंच".

असं असलं तरी यंत्राला हसणारी आमची टपरी काही कमी नाही. 2016 साली दोन हजारांची नवी नोट आली, तेव्हा तिच्यात चिप बसवलेली आहे आणि जमिनीखाली 120 मीटर पुरली तरी तिचा पत्ता लागतो, असं फोनवर फिरत आलं. सगळ्या टपरीने ते शंभर टक्के खात्रीने मानलं. शंका घेतली फक्त आबांनी, तीही वेगळीच. "आपल्या फोनला पिंपापाशी उभं राहून रेंज न्हाय, आन् हिला जमिनीखालून हाय, तर फोन हिच्यावरनंच का लावू नये?" त्यांनी नोट कानाला लावूनही बघितली. भाच्याचं यंत्र निदान सांगतं तरी, की माझी खात्री 63 टक्के आहे. टपरीवर 63 टक्के म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आता दुसऱ्या परीक्षकाबद्दल. अशा कामात एकच वाक्य दोन माणसांना वेगवेगळं तपासायला देतात आणि दोघांची मतं किती जुळतात त्याचा आकडा काढतात. जेकब कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली ही रीत सांगितली. आकड्याचं नाव 'कप्पा'. सगळी मतं जुळली तर एक. दोघांनी डोळे मिटून बटणं दाबली आणि योगायोगाने जुळतील तेवढीच जुळली, तर शून्य.

"मामा," भाचा गंभीर आवाजात म्हणाला, "तुमच्या गावचा कप्पा उणे आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळे मिटून बटणं दाबली असती तरी याहून जास्त जुळलं असतं. आमच्या साहेबांनी असं पहिल्यांदाच पाहिलं."

मी विचारलं, दुसरा परीक्षक कोण. नाव सांगायचं नसतं, असं म्हणून त्याने सांगितलं. आमच्याच शाळेतले, माझ्याबरोबर निवृत्त झालेले गुरुजी! ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव माझ्या वर लागलं त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. वर का लागलं, तर त्यांची रुजू तारीख सकाळची आणि माझी दुपारची. आता सगळा उलगडा झाला. मी पिंपाला टेकून वाक्य मोठ्याने वाचायचो आणि काय दाबलं तेही जाहीर करायचो. टपरीच्या दुसऱ्या अंगाला पेपर तोंडापुढे धरून कोण बसलेलं असायचं, ते मला पेपरमुळे दिसलं नव्हतं. मी बरोबर म्हणालो की तिकडे चूक. हिरड्याला ब्रश करावा हे एकट्या त्यांनी 'बरोबर' ठरवलं होतं, कारण मी 'चूक' म्हणालो होतो.

दोघांचं जुळत नसेल तर तिसऱ्याचा निवाडा घ्यायचा, असाही नियम आहे. कंपनीला गावातला तिसरा माणूस हवा होता. भाच्याने मला न विचारता मामीला नेमलं. हिने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि पीठ मळता मळता कोपराने बटणं दाबायला लागली. महिन्याचं पाणी, आसामची हद्द, तीन खणांचं घर, सगळं एका दुपारी निकालात काढलं. कुठल्या वाक्याला काय दाबलं, तर "मला काय लक्षात राहतंय? जे दिसलं ते दाबलं." कंपनीने तिला उत्तम शेरा दिला. माझ्या कामावर 'पुनर्विचार व्हावा' असा होता.

पुढचं वाक्य गेल्या आठवड्यात आलं. सरकारने 2007च्या 15 ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिच्या जुन्या बातम्या यंत्राच्या हाती लागल्या असाव्यात. 'तळेघर परिसरातील गावे तंटामुक्त असून येथील लोक गुण्यागोविंदाने राहतात. खात्री 95 टक्के.'

मी या वेळी आवाज न करता, फोन छातीशी धरून 'बरोबर' दाबलं. पेपरामागून आवाज आला, "चूक."

"काय चूक?" मी विचारलं. ज्येष्ठता यादीनंतरचं आमचं हे पहिलं संभाषण.

"तंटामुक्त म्हणे. सकाळी रुजू झालेल्याला विचारा."

"दुपारचा रुजू झालेला काय परगावचा आहे?"

"सर्व्हिस बुक काढा. काढा सर्व्हिस बुक!"

आबा दोघांच्या मधे उभे राहिले, शिपाई बाक सरकवून खिडकीशी गेला, टपरीवाल्याने काचेच्या बरण्या आत घेतल्या, आणि कंडक्टरने सुटायची वेळ झालेली गाडी थांबवून धरली, कारण प्रवासीच उठायला तयार नव्हते. रुजू तारखेवरून आम्ही 1983च्या बदल्यांवर गेलो, तिथून शाळेच्या हरवलेल्या घंटेवर, आणि घंटेवरून एकमेकांच्या हस्ताक्षरावर. आमचं घर टपरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. हिने घरातूनच सगळा आरडाओरडा ऐकला, कणकेचा हात पदराला पुसला, आणि कोणालाही न विचारता बटण दाबलं.